अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि मोबाईल: काय ठेवलं, काय काढून टाकलं

आयबीडी, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार, असलेल्या माणसाने फोनमध्ये काय ठेवावं आणि काय नको यावर मराठीत मला धड काहीच मिळालं नाही, जे आहे ते इंग्लंड-अमेरिकेतल्या पेशंटनी त्यांच्या तिकडच्या सोयींबद्दल लिहिलेलं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे आयबीडीचा मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा प्रकार, राहते कोल्हापुरात आणि पोटाचे डॉक्टर पुण्यात, गोळ्या म्हणाल तर सूज कमी करणारी मेसालामाईन आणि प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिन. गेल्या काही वर्षांत ट्रॅकर ॲप, व्हिडिओ कन्सल्टेशन, घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब, आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र), व्हॉट्सॲप ग्रुप असं सगळं वापरून झालंय आणि माझं मत आता पक्कं आहे, ते आधीच सांगते: आपण भरलेली माहिती पलीकडे कोणीतरी वाचत असेल आणि उत्तर देत असेल तरच पैसे आणि वेळ घाला. कोणी वाचणारं नसेल तर ते ॲप कितीही भारी दिसू दे, ती आपली आपण लिहिलेली डायरी झाली.

ॲपची नावं मुद्दाम देत नाही. दर अपडेटला ती बदलतात, आज फुकट असलेलं उद्या पैसे मागतं, त्यापेक्षा आत काय असायला हवं ते कळलं तर तुम्हाला स्वतःला निवडता येईल.

आधी ट्रॅकर. मी वापरलेलं पहिलं ॲप परदेशी होतं, दिसायला एकदम छान, रोज विचारायचं की संडासला किती वेळा गेलात, रक्त होतं का, मुरडा किती, झोप कशी, मूड कसा, काय खाल्लं. त्यात संडास किती घट्ट-पातळ ते दाखवणारी ब्रिस्टल चार्टची सात चित्रं होती आणि ती मला खरंच आवडली, कारण डॉक्टरांसमोर, त्यात शेजारी सासूबाई बसलेल्या असताना, पातळ म्हणजे किती पातळ हे सांगताना जी कुचंबणा होते ती संपते, सहा नंबर किंवा सात नंबर म्हटलं की त्यांना कळतं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या ॲपला मी मनापासून चांगलं म्हणेन.

पण रोज भरायला लावणं मला पटलं नाही. सलग इतके दिवस भरलंत म्हणून बॅज द्यायचं, एक दिवस चुकला की रात्री नोटिफिकेशन. आजार शांत असताना, म्हणजे रेमिशनमध्ये, रोज सकाळी उठून आपल्या आतड्याबद्दल प्रश्नांची उत्तरं देत बसलं की बरं असलेलं माणूससुद्धा दिवसभर पोटाकडेच लक्ष ठेवून राहतं. शांत काळात आठवड्यातून एकदा पुरे, फ्लेअर, म्हणजे आजार पुन्हा उसळणं, सुरू झाला की रोज. हे सेटिंग ज्या ॲपमध्ये बदलता येत नाही ते घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

खाण्याचा भाग तर मी पूर्ण बंदच केला. लिस्टमध्ये बेगल होता, ओटमील होतं, दहा प्रकारचं चीज होतं, पण ज्वारीची भाकरी नाही, आमटी नाही, थालीपीठ नाही, तांबडा रस्सा तर सोडाच, प्रत्येक पदार्थ हाताने टाईप करा. तेही केलं असतं हो, पण पुढे ते ॲप हिशोब करून सांगायचं की तुमचा त्रास कशाने वाढतो, आणि माझ्या बाबतीत उत्तर यायचं भात. आता आपण भात रोज खातो, बरं असलं तरी खातो, बिघडलं तर जास्तच खातो कारण तेव्हा दहीभात-मऊभातच जातो, मग ॲपला प्रत्येक वाईट दिवसाच्या आदल्या दिवशी भात दिसणारच! शिवाय खाण्यामुळे गॅस, पोट फुगणं, कळ येणं हे वेगळं आणि आतड्याला सूज येणं वेगळं, सूज ही आपल्याच प्रतिकारशक्तीच्या गडबडीमुळे असते आणि ती काल खाल्लेल्या एका पदार्थावर ढकलता येत नाही. असल्या आलेखांवर विश्वास ठेवून लोक एकेक पदार्थ सोडत जातात, आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने दूध, गहू, डाळी, भाज्या सगळं सोडलं होतं, वजन पार उतरलं आणि हिमोग्लोबिनही. ज्या आजारात मुळातच वजन आणि रक्त कमी होतं त्यात हे परवडत नाही. खाण्यासाठी आहारतज्ज्ञ बघा, पोटाच्या डॉक्टरांबरोबर काम करणारा मिळाला तर उत्तम.

मग ट्रॅकरमध्ये काय असावं? डॉक्टर जे मोजतात तेच. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी एससीसीएआय नावाचा एक स्कोअर आहे, १९९८ पासून वापरात आहे, प्रश्न फक्त सहा: दिवसा किती वेळा, रात्री उठून किती वेळा, घाई किती लागते, रक्त किती, एकूण कसं वाटतंय, आणि सांधे-डोळे-त्वचेला काही त्रास आहे का. दोन किंवा त्याखाली असलं तर साधारण शांत, पाच आणि वर गेलं तर आजार जागा झालाय असं धरतात. रात्री उठावं लागतं का हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुसतं टेन्शनने किंवा खाण्याने बिघडलेलं पोट सहसा रात्री झोपेतून उठवत नाही. हे सहा प्रश्न मी मराठीत लिहून गुगल शीटमध्ये टाकलेत, भरायला एक मिनिट लागतं, आणि माझ्याकडे आता तेच चालू आहे. क्रोन्स, म्हणजे आयबीडीचा दुसरा प्रकार, असलेल्यांचा स्कोअर वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांकडून घ्या. आणि ॲप स्टोअरमध्ये शोधताना एक बघा, बरीचशी ॲप आयबीएससाठी असतात, आतड्याला सूज नसलेल्या त्रासासाठी, त्यात रक्ताचा रकानाच नसतो, ती आपल्या कामाची नाहीत.

अजून एक गोष्ट जी माझ्या मते प्रत्येक ॲपमध्ये हवी आणि मी वापरलेल्या एकातही नव्हती, ती म्हणजे आता बास, फोन ठेवा आणि हॉस्पिटलला निघा असं सांगणारी सूचना. डॉक्टर लोक यासाठी १९५५ सालचे ट्रूलव्ह आणि विट्स यांचे निकष अजून वापरतात: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्त पडणारे जुलाब आणि त्याबरोबर ताप ३७.८ सेल्सियसच्या वर, किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी तो गंभीर झटका. ताप आणि नाडी घरी मोजता येते, घड्याळवाल्यांच्या तर मनगटावरच असते. मी एका वाईट फ्लेअरमध्ये आठ वेळा रक्त असं भरलं तेव्हा त्या सुंदर ॲपने मला हिरव्या रंगात आजची नोंद पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन दाखवलं. त्याच दिवशी मी ते काढून टाकलं. हे चार आकडे मी शीटच्या वरच लाल अक्षरात लिहून ठेवलेत आणि नवऱ्यालाही पाठ करायला लावलेत, कारण तेव्हा पेशंट स्वतः विचार करण्याच्या अवस्थेत नसतो.

आता लॅब. फीकल कॅलप्रोटेक्टिन ही टेस्ट ज्यांना अजून कोणी सांगितली नसेल त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारा. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रोटीन संडासमध्ये येतं, ते मोजतात. साधारण ५० च्या खाली नॉर्मल, २५० च्या वर गेलं तर सूज असण्याची शक्यता जास्त, मधलं असलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा करायला सांगतात. हिचा मोठा फायदा असा की आपल्याला काय वाटतंय आणि आत काय चाललंय हे नेहमी जुळत नाही, वरून एकदम बरं वाटत असतं आणि आत सूज असते किंवा उलट पोट रोज दुखतंय पण आत सगळं शांत. कुठलाही ट्रॅकर हे पकडू शकत नाही कारण तो फक्त आपल्याला विचारतो.

घरी येऊन सॅम्पल नेण्याची सोय आमच्याकडे आहे आणि या सेवेला मी पूर्ण मार्क देते. डबी आदल्या दिवशी मिळते, मुलगा सकाळी येतो, काही विचारत नाही, नाक मुरडत नाही, आणि रिपोर्ट पीडीएफमध्ये फोनवर येतो. स्वस्त नाहीये, पैसे हजारात जातात, त्यामुळे डॉक्टर म्हणतील तेव्हाच करा. आणि काही गोष्टी मला हळूहळू कळल्या त्या सांगते. शक्यतो सकाळचं पहिलं सॅम्पल द्या. दरवेळी तीच लॅब ठेवा, वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, मग वाढलं की लॅब बदलली हेच कळत नाही. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी हा आकडा वाढू शकतो, तशाही त्या आपल्याला बऱ्या नाहीत, पोटाच्या इन्फेक्शननेसुद्धा वाढतो. युरोपात आयबीडॉक नावाचं किट आहे, घरच्या घरी टेस्ट करायची आणि फोनचा कॅमेरा पट्टी वाचतो, मी ते वापरलेलं नाही, पण आकडा थेट डॉक्टरांच्या टीमला जातो ही त्यातली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली.

कारण शेवटी गाडी तिथेच येते. नेदरलँड्समध्ये मायआयबीडीकोच नावाची सिस्टीम चार हॉस्पिटलमधल्या ९०९ पेशंटवर वर्षभर वापरून बघितली होती, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पेशंट घरून प्रश्नांची उत्तरं भरायचे, काही बिघडलेलं दिसलं की आयबीडी नर्स स्वतः संपर्क करायची. ओपीडीच्या फेऱ्या सरासरी २.३४ वरून १.५५ वर आल्या, म्हणजे सिस्टीम न वापरणाऱ्यांच्या तुलनेत, आणि ॲडमिट व्हायचं प्रमाणही निम्म्यावर, तरी उपचाराच्या दर्जाबद्दल दोन्हीकडच्या पेशंटनी सारखेच मार्क दिले. डेन्मार्कमध्ये त्याच्या आधीच, २०१० मध्ये, कोलायटिसच्या पेशंटना वेबसाईटवरून स्कोअर भरून मेसालामाईनचा डोस वेळेत वाढवायला शिकवलं होतं तर त्यांचा फ्लेअर साधारण १८ दिवसांत आटोक्यात आला, बाकीच्यांचा ७७ दिवस चालला. १८ आणि ७७! ज्याने फ्लेअर काढलाय त्याला या फरकाची किंमत सांगायला नको. आणि अमेरिकेत ३४८ जणांना ठराविक दिवसांनी मेसेज पाठवून लक्षणं विचारणारी सिस्टीम दिली तेव्हा आजाराची तीव्रता मेसेज मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची जवळपास सारखीच सुधारली, ॲडमिट होणं मात्र कमी झालं. म्हणजे नुसतं विचारल्याने आजार हलत नाही, पण कोणाचं तरी लक्ष असलं की हॉस्पिटलपर्यंत गोष्ट जाण्याआधी पकडली जाते. मी हे असं वाचते.

आपल्याकडे आयबीडी नर्स हा प्रकार फार थोड्या ठिकाणी आहे. माझ्या डॉक्टरांकडे एक कोऑर्डिनेटर ताई आहेत, त्यांचा वेगळा व्हॉट्सॲप नंबर आहे, मी शीटचा स्क्रीनशॉट आणि रिपोर्ट तिथे टाकते, त्या सरांना दाखवतात आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येतं, गोळी वाढवा, किंवा टेस्ट करा, किंवा परवा व्हिडिओवर या, किंवा सरळ पुण्याला निघा. कुठलंही फॅन्सी ॲप नाही, पण मी वापरलेल्या सगळ्यांत ही एक सेवा अशी आहे की तिच्यामुळे माझे फ्लेअर लवकर आटोक्यात आलेत. दिवसभर कराडचा टोल, सातारा, खंबाटकी घाट करत एसटीत पोट धरून बसायचं आणि दहा मिनिटं भेटून परत यायचं हे आता वर्षातून मोजक्या वेळा, कोलोनोस्कोपी किंवा प्रत्यक्ष तपासणी असेल तेव्हाच.

याच्या अगदी उलट अनुभव एका मोठ्या कन्सल्टेशन ॲपचा. डॉक्टर दरवेळी वेगळे, माझी फाईल कोणीच उघडलेली नाही, आणि एकदा रक्त पडत असताना जुलाब थांबवायची गोळी लिहून दिली. कोलायटिसचा जोराचा झटका असताना आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी धोक्याची असते, आतडं फुगण्यापर्यंत जाऊ शकतं, आणि फ्लेअर वाटतोय तो खरंच फ्लेअर आहे की इन्फेक्शन हेही आधी बघावं लागतं. मी ती घेतली नाही. सर्दी-खोकल्याला ते ॲप ठीक असेल, आयबीडीसाठी नको. व्हिडिओ कन्सल्टेशन आपल्याच, आपलं आतडं आधी बघितलेल्या डॉक्टरांशी असेल तर सोन्यासारखं आहे. टेलिमेडिसिनचे नियम मार्च २०२० पासून आहेत, त्यामुळे रजिस्टर्ड डॉक्टरांनी पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन रीतसर असतं, आमच्या मेडिकलवाल्या काकांना सुरुवातीला शंका होती, त्यावरचा रजिस्ट्रेशन नंबर दाखवला आणि प्रश्न मिटला.

रिमाइंडरबद्दल. गोळ्यांचा अलार्म फोनमधला साधा चालतो, त्यासाठी ॲप नको. पण ॲझाथायोप्रिनवाल्यांनी रक्त तपासणीचा रिमाइंडर लावलाच पाहिजे. या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात, सुरुवातीला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) दर आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी, सोबत लिव्हरची तपासणी. भारतीय लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जीनचा असा प्रकार बऱ्यापैकी आढळतो की ज्यात हा धोका जास्त असतो, त्याची टेस्ट मिळते, डॉक्टरांना विचारा. ॲडॅलिम्युमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे सूज घडवणारे ठराविक घटक अडवणारं इंजेक्शन, घेणाऱ्या मैत्रिणीने दर चौदा दिवसांचा कॅलेंडर रिमाइंडर लावलाय आणि त्याच्या दोन दिवस आधी दुसरा, इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत आलंय का आणि फ्रीजमध्ये आहे का ते बघायला.

आभा नंबर काढून ठेवा, चौदा आकडी असतो, आणि आपण परवानगी दिली तरच रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दिसतात ही चांगली गोष्ट. पण जी लॅब किंवा क्लिनिक त्याला जोडलेलं नाही तिथले कागद आपोआप तिथे येत नाहीत, म्हणून मी ड्राइव्हवर एक फोल्डर ठेवलाय: पहिली कोलोनोस्कोपी, बायोप्सी, सगळे कॅलप्रोटेक्टिन, आणि कुठलं औषध कधी चालू कधी बंद. बायोप्सीचा कागद हरवू देऊ नका, आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की नवीन डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात, आणि बायोलॉजिक सुरू करायच्या आधीही टीबीची तपासणी होतेच.

पेशंट ग्रुपबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. कोणालाच सांगता येत नाही अशा गोष्टी तिथे सांगता येतात, प्रवासात काय करायचं, प्रेग्नन्सीत काय झालं, कुठल्या शहरात कुठलं औषध मिळतंय, फार आधार वाटतो. पण काढा घेऊन गोळ्या बंद केल्या आणि सहा महिने ठणठणीत आहे असा मेसेज तिथे हमखास येतो आणि हा आजार मुळात मधे मधे आपोआप शांत होणारा असल्यामुळे ते खोटंही नसतं, पण पुढचा फ्लेअर आला की तो माणूस ग्रुपवर लिहायला येत नाही. ग्रुपमधलं वाचून औषध बंद करू नका, कृपा करून.

बाहेर पडताना गुगल मॅप्सवर पब्लिक टॉयलेट असं शोधून हायवेवरचे चार-पाच स्टॉप आधीच सेव्ह करते, रिव्ह्यूत कुलूप असतं असं कोणी लिहिलंय का तेही बघते. आणि फोनमध्ये मोठ्या अक्षरात एक फोटो ठेवलाय: मला आतड्याचा आजार आहे, थांबता येत नाही, कृपया टॉयलेट वापरू द्या. दुकानात, बँकेत, अनोळखी घरातसुद्धा हा दाखवलाय, बोलायची वेळ येत नाही, आणि बहुतेक लोक लगेच दार उघडतात. हा तुम्ही आजच बनवून ठेवा, मराठीत आणि हिंदीत.

प्रायव्हसीचं एवढंच की संडासची नोंद ठेवणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन लागत नाही, मागितलं तर नाही म्हणा, आणि तरी हट्ट धरला तर काढून टाका.

ज्यांच्या घरी वयस्कर पेशंट आहेत त्यांना हे सगळं ऐकून दडपण येईल, त्यांच्यासाठी गडहिंग्लजच्या एका काकांचं सांगते, त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात किती वेळा गेले तो आकडा लिहितात आणि रक्त असेल तर लाल पेनाने गोल करतात, दर रविवारी त्यांची सून त्या पानाचा फोटो काढून आमच्याच कोऑर्डिनेटर ताईंना पाठवते. गेल्या पावसाळ्यात लाल गोल वाढलेले बघून ताईंनी स्वतः फोन केला आणि त्यांची औषधं त्याच आठवड्यात बदलली.